सातशेवीस

गांजवे चौकाच्या आत, झेरॉक्सच्या दुकानावरून जिना,
वर हिराताईंची खानावळ.
रात्री साडेनऊला पोरांचं शेवटचं ताट उचललं की
तेच टेबल ओल्या फडक्याने पुसून
मैना आठवीचं गणित काढते.
तिची शिकवणी माझ्याकडे,
माझं रात्रीचं जेवण तिच्या आईकडे.
व्यवहार तोंडी आहे.

धड्याचं नाव चलन.
"चलन म्हणजे नोटा ना, सर?"
नोटाच, म्हणालो, पण इथे अर्थ वेगळा:
एक हललं की दुसरं हलतं.
वह्या जास्त, पैसे जास्त, हे सम.
नळ जास्त, वेळ कमी, हे व्यस्त.
"आई पण व्यस्त असते."
आत पातेलं घासण्याचा आवाज थांबला
आणि पुन्हा सुरू झाला.

पुस्तकातले मजूर मला आवडत नाहीत.
बारा जण आठ दिवसांत भिंत बांधतात,
कुणाला ताप येत नाही, सिमेंटची गोणी भिजत नाही,
सोळा आले तर सहा दिवसांत, अगदी निमूट.
पाच वर्षं मी हेच सोडवतोय,
मिनिटाला एक, चुकलं तर पाव गुण वजा.
वर्षं वाढली की गुण वाढतात,
असं काहीतरी घरी सांगून आलो होतो.
घरी म्हणजे जिंतूरला.
फोनवर वडील आता
जेवलास का, एवढंच विचारतात.

"तूच एक उदाहरण तयार कर," म्हणालो, "ह्या घरातलं."
तिने पेनाचं टोपण चावलं,
पिठाच्या डब्याकडे बघितलं
आणि लिहिलं:
छत्तीस पोरांना पीठ वीस दिवस पुरतं.
सहा पोरं गेली.
आता किती दिवस पुरेल?

गेली. कुठे, ते लिहिलं नाही.
एकाची निवड झाली, तो पेढे देऊन गेला.
पाच जण गाद्या विकून गेले,
त्यातल्या एकाने गादीबरोबर राज्यघटनेचं पुस्तकही विकलं,
खुणा फार केलेल्या, म्हणून चाळीस रुपये कमी.

छत्तीस गुणिले वीस, सातशेवीस.
"हा आकडा हलत नाही बरं का,
बाकीचं काहीही इकडचं तिकडे होऊ दे."
भागिले तीस.
चोवीस.
मैनाने पट्टी धरून उत्तराला चौकट काढली.

हिराताई हात पुसत आल्या,
टेबलापलीकडून वही उलटी वाचली.
"चार दिवस जास्त पुरंल, व्हय.
पर बाविसाव्या दिवशी पिठाला जाळी धरती, सर.
आन् जागेचं भाडं?
मालक काय पोरं मोजून घेत न्हाई."
मैनाने माझ्याकडे पाहिलं:
ह्याला सम म्हणायचं का व्यस्त?
ह्या धड्यात नाही, मी म्हणालो.

मग माझं ताट आलं.
मटकी, दोन पोळ्या,
आणि न मागता तिसरी.

ती दप्तर भरत होती तेवढ्यात
तिच्या वहीच्या मागच्या पानावर
मी बारीक अक्षरात मांडलं: तिसातून एक वजा.
शनिवारचं तिकीट खिशात आहे,
अजून कुणाला सांगितलेलं नाही.
सातशेवीस भागिले एकोणतीस.
भाग चोवीसनेच गेला.
मी असलो काय, नसलो काय, पीठ तितकेच दिवस.
फक्त खाली बाकी उरली,
तीही चोवीस,
म्हणजे रोजचं एक,
न वाढलेलं ताट.

भाग पूर्ण न जाणारी उदाहरणं
आठवीच्या पुस्तकात देत नाहीत.

मैनाने वही ओढून घेतली.
"उद्या पुढचा धडा ना, सर?"
तोंडात घास होता,
म्हणून बोलावं लागलं नाही.